मानकरी नसलेला मदरबोर्ड

मित्रांनो, बिअरची अंघोळ घातलेला मदरबोर्ड तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल पाहिला, तर आता पाहून घ्या. संगणकाच्या पोटात एक मोठी हिरवी पाटी असते आणि बाकीचे सगळे भाग तिच्यावर येऊन बसतात. ती पाटी म्हणजे मी. आता मी म्हातारा झालो आहे. डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहरात, बासिलियाच्या भरतकामाच्या दुकानात, दोऱ्याच्या रिळांच्या फळीवर मी बसून असतो. माझ्या एका कोपऱ्याला जांभळी रिबीन बांधलेली आहे. तिचा रंग पार उडाला आहे, पण ती सोडायला कोणी धजत नाही. सोडलेली मलाही खपणार नाही. ती माझ्या अंगावर कशी आली, तेच आज सांगतो.

माझा जन्म दूर देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माणसे तोंडाला फडके बांधून काम करत आणि धुळीच्या एका कणालाही आत येऊ देत नसत. एवढी स्वच्छता मला पुढे आयुष्यात कधी दिसली नाही. तिथून जहाजाने मी चिलीच्या एका बंदरात आलो आणि मालाच्या कचेरीत नोकरीला लागलो. दिवसभर पेट्यांची नावे लिहायची आणि संध्याकाळी झोपायचे. तिथला कारकून माझ्या खोक्यावर थाप मारून म्हणायचा, "हा पठ्ठ्या कधी अडत नाही." ते शब्द मी जपून ठेवले आहेत. पुढे कचेरीत नवे संगणक आले. मला जुन्या स्वेटरांच्या गाठोड्यात कोंबून ट्रकमधून डोंगरापलीकडे पाठवण्यात आले. चढावर ट्रकला धाप लागली. मी मात्र स्वेटरांत गुरफटून मजेत होतो.

एल आल्तोच्या बाजारात मी एका गोधडीवर पडलो होतो. माझ्या एका बाजूला दाराच्या बिजागऱ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला एक पाय नसलेली बाहुली. तिथे बासिलिया आली. अंगाने भरलेली, गोल टोपी, चालणे असे की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. बटाटे निवडावेत तसे तिने मला उलटे-सुलटे केले, वास घेतला, नखाने टिचकी मारली.

"जळका वास नाही," ती म्हणाली.

"सेन्योरा, हा बोर्ड तुमच्या नातवंडांनासुद्धा पुरेल!" विकणारा म्हणाला.

"नातवंडांचं राहू दे. कार्मेनमातेच्या जत्रेपर्यंत पुरला तरी तुझ्या तोंडात साखर पडो."

बासिलियाच्या नवऱ्याचे नाव फेर्मिन. आमच्या भागात जत्रेला मोरेनादा नाचणारी मंडळे असतात. त्यांच्या जड मखमली पोशाखांवर ड्रॅगन, फुले, सूर्य भरण्यात फेर्मिनचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या ड्रॅगनवर म्हणे एकदा कुत्रे भुंकले होते. कुत्रे फेर्मिनचेच होते, पण तरीही. पण आता त्याच्या डोळ्यांपुढे धुके साचले होते.

"दोरा दिसतो गं," तो बायकोला म्हणायचा. "सुईचं नेढं दिसत नाही."

"मग नेढं नसलेली सुई आणू की काय?" बासिलिया बोलून गेली. पण नुसती बोलून थांबली नाही, तिने भरतकामाचे यंत्रच आणले. ते यंत्र चालवायला संगणक हवा, म्हणून आधी मला आणले. बाकीचे भाग मात्र तिला आणावे लागले नाहीत. ते मानकऱ्यांनी आणले.

आमच्याकडची ही रीतच आहे. लग्न असो, बारसे असो की घरावर छप्पर चढवायचे असो, एकेका वस्तूला एकेक मानकरी ठरतो. एकाकडे केक, दुसऱ्याकडे वाजंत्री, तिसऱ्याकडे नवरीचे बूट. मानकरी झाला की तो घरचा कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे. घरची माणसेही त्याची कोम्पाद्रे-कोमाद्रे होतात. हे नाते सख्ख्यापेक्षा घट्ट. मग त्या वस्तूला नावे ठेवायची नाहीत, कारण वस्तूला नावे ठेवली म्हणजे मानकऱ्याला ठेवली. आमच्या संगणकाची स्क्रीन फेर्मिनच्या भावाने दिली, कीबोर्ड शाळेच्या मास्तरांनी. मेमरीचा मान रुफिनोकडे गेला.

रुफिनो म्हणजे ट्रकवाला. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. तो एका कागदी पुडीतून मेमरीची पट्टी घेऊन आला. हाताच्या पंजाएवढी हिरवी पट्टी, खाली सोनेरी दात.

"सगळ्यात मोठी दे म्हटलं दुकानदाराला," तो म्हणाला. "माझ्या कोमाद्रेचा संगणक काही विसरता कामा नये."

ही बातमी तोरिबियाच्या कानावर गेली. तोरिबियाचे बिअरचे गुदाम होते. रुफिनो जे करील ते आपणही करायचे, हा तिचा जुना नेम. दुसऱ्याच दिवशी तीही एक पट्टी घेऊन हजर.

"मेमरी दोन बसतात ना आत? मग दुसरी माझी."

आता नाही म्हणणार कसे? रुफिनोची घ्यावी तर तोरिबिया रुसणार, तोरिबियाची घ्यावी तर रुफिनो तोंड फिरवणार. बासिलियाने दोन्ही पट्ट्या माझ्या दोन खोबणींत शेजारी-शेजारी बसवल्या आणि सुटकेचा निःश्वास सोडला. या पट्ट्या मदरबोर्डाला चालतील का, हे कोणी विचारले नाही. मला विचारायची तर पद्धतच नव्हती. मला मानकरीच नव्हता ना! मला तिने स्वतःच्या कष्टातून आणले होते.

उद्घाटनाच्या दिवशी प्रत्येक भागाला मानकऱ्याच्या नावाची रिबीन बांधली. स्क्रीनला निळी, कीबोर्डला पिवळी, रुफिनोच्या पट्टीला जांभळी, तोरिबियाच्या पट्टीला लाल. आपापला मान सगळ्यांना दिसावा म्हणून खोक्याचे एका बाजूचे झाकणच काढून टाकले. तेव्हापासून माझे पोट कायमचे उघडे. मग झाली चाल्या. नवी वस्तू आली की आमच्याकडे आधी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, घोट पाजतात, मग त्या वस्तूवर बिअर शिंपडतात, रंगीत कागदाचे तुकडे आणि फिती उधळतात. ट्रकवर शिंपडली तर ट्रक पुसता येतो. माझ्यावर शिंपडली, तर मी जागीच जळून जाणार. बासिलियाने चपळाईने वर एक ताट धरले म्हणून आज ही गोष्ट सांगायला मी उरलो आहे. एक फीत मात्र पंख्यात गेली आणि बरेच दिवस आत फडफडत राहिली.

काम सुरू झाले. गुलाब, सूर्य, नावे, चांदण्या सगळे झकास व्हायचे. यंत्राची सुई टकटक करत पळायची आणि फेर्मिन कापडावरून बोट फिरवत म्हणायचा, "टाका सरळ आहे." मला मालाच्या कचेरीतले दिवस आठवायचे.

पण पहिला ड्रॅगन काढायला घेतला, आणि घोटाळा झाला. डोके झाले, मान झाली, आणि मी एकदम गोठलो. स्क्रीनवर निळा पडदा, सुई जागच्या जागी उभी. पुन्हा चालू केले, पुन्हा तेच. नाचात खांद्यावर घ्यायची ती झूल ज्याची होती, ते गिऱ्हाईक आले आणि झूल डोळ्यांपुढे धरून बघत राहिले.

"बासिलिया, हा ड्रॅगन आहे की बदक?"

"पोहणारा ड्रॅगन आहे. बाकीचा पाण्याखाली आहे," फेर्मिन घाईघाईने म्हणाला.

मित्रांनो, काय होत होते ते तुम्हाला समजावतो, कारण तेव्हा कोणालाच कळत नव्हते. मेमरी म्हणजे कामाचा ओटा. चालू असलेले काम संगणक त्या ओट्यावर पसरून ठेवतो. माझ्याकडे दोन ओटे होते. गुलाबासारखे लहान काम तोरिबियाच्या ओट्यावर मावत असे. ड्रॅगनला खवले फार, शेपटी लांब, जिभेतून ज्वाळा. तो पसरत पसरत रुफिनोच्या ओट्यावर गेला की ओटा डुगडुगायचा. ती पट्टी वाईट नव्हती, पण घडवली होती दुसऱ्या प्रकारच्या बोर्डासाठी. लांबी तीच, खाच तीच, म्हणून खोबणीत बसली. आतली मांडणी मात्र माझ्या वळणाची नव्हती. मी एक मागावे, तिने भलतेच द्यावे. ती बिचारी घाबरायची, मी गोंधळायचो, आणि दोघेही निळे पडायचो.

मला बोलता येते ते फक्त एकाच आवाजात. बीप! मेमरीचे दुखणे असेल तर मी लांबलांब बीप देतो. मी जीव तोडून दिल्या. फेर्मिन रिकामा गॅसचा सिलिंडर उचलून रस्त्यावर धावला.

"गॅसची गाडी कुठं गेली?" त्याने शेजारणीला विचारले.

"काल आली होती. आता परत रविवारी."

"मग हॉर्न कोण वाजवतंय?"

मी वाजवत होतो, पण दखल घेणार कोण? रुफिनो आला तेव्हा त्याने निदान केले, "चाल्या कमी पडली, कोमाद्रे. पाचामामाला तहान लागलीय." पुन्हा बिअर, पुन्हा ताट. तोरिबिया म्हणाली, "थंडीनं आखडला असेल." मग मला लोकरीची शाल पांघरली आणि मी उकडून आणखी लवकर बंद पडू लागलो. शेवटी सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. स्क्रीन वाईट म्हणावी तर फेर्मिनचा भाऊ दुखावणार, कीबोर्ड म्हणावा तर मास्तर. मेमरीचे तर नावच काढायला नको. माझ्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते.

"जुना बोर्ड. बाजारातला. कुठल्या कुठल्या गोधडीवर लोळलेला," रुफिनो म्हणायचा, आणि सगळे माना डोलवायचे.

बासिलिया मात्र मान डोलवायची नाही. "मी निवडलाय तो," एवढेच म्हणायची. मला तेवढ्यावर दिवस काढता यायचे.

अशातच त्या वर्षीच्या जत्रेचे यजमानपद रुफिनोकडे आले. मंडळाच्या बैठकीत चुन्योचा, म्हणजे सुकवलेल्या बटाट्यांचा रस्सा आणि बिअरच्या साक्षीने त्याने नवे निशाण बासिलियाला सांगितले.

"मधे कार्मेनमाता. दोन्ही बाजूंना दोन ड्रॅगन. आणि खाली मोठ्ठ्या अक्षरात माझं नाव. ड्रॅगन असे पाहिजेत की तोरिबियाच्या गेल्या वर्षीच्या निशाणावरचे सरडे वाटले पाहिजेत."

"माझ्या सरड्यांना निदान शेपट्या होत्या," तोरिबिया म्हणाली.

सगळे हसले. बासिलियानेही हसून सगळ्यांसमोर शब्द दिला, पण घरी येताच टोपीही न काढता ती माझ्यासमोर येऊन बसली. ते निशाण बिघडले तर मंडळाचे सारे काम खाली ला पास शहरातल्या दुकानात जाणार, हे तिला दिसत होते. फेर्मिनच्या डोळ्यांनी आता ते हाताने होणार नव्हते. मंडळ गेले की दुकानाला कुलूप लागणार. तिला रात्रंदिवस दुसरे काही सुचत नव्हते.

तिने विल्डरला बोलावले. विल्डर गावभर संगणक दुरुस्त करत हिंडायचा. तोंडाने बडबड्या, पण हात नीट चालायचे. त्याने पंख्यातली फीत काढली, ब्रशने माझी धूळ झाडली, विजेचा डबा बदलून पाहिला, आतल्या आज्ञावल्या पुसून नव्याने भरल्या. ड्रॅगन पुन्हा मानेशी थांबला. मग त्याने मेमरीची एक पट्टी काढली आणि दुसरी ठेवली. नुसती तोरिबियाची पट्टी असताना त्या एकाच ओट्यावर थोडे थोडे मांडत, दाटीवाटीने का होईना, मी ड्रॅगन शेपटीपर्यंत नेला, अगदी टोकाच्या वेटोळ्यापर्यंत! नुसती रुफिनोची असताना मी चाचरत उठलो आणि लगेच कोसळलो. विल्डरची बडबड बंद झाली. त्याने उठून दुकानाचे दार लावून घेतले.

"रुफिनोमामांची मेमरी या बोर्डाला चालत नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग काढ की ती," फेर्मिन म्हणाला.

"मी? माझ्या लग्नाच्या केकचे मानकरी आहेत ते. मजल्यावर मजले चढवलेला केक होता. अजून प्रत्येक भेटीत विचारतात, केक कसा होता म्हणून."

"मग करायचं काय?" बासिलियाने विचारले.

"बोर्डावर ढकलू. बोर्डाचा कोणी मानकरी नाही. कोणाला वाईट वाटायचं नाही."

मला वाटले, मित्रांनो. फार वाटले. निर्दोष ठरलो होतो, तरी शिक्षा मलाच!  मग बासिलियाने एप्रनला हात पुसले.

"बोर्ड राहील," ती म्हणाली. "कोम्पाद्रे नसतील तेव्हा त्यांची पट्टी काढायची. ते आले की बसवायची."

आणि मग आमच्या दुकानात जे नाटक सुरू झाले, तसे कार्मेनमातेच्या जत्रेतही होत नाही. रुफिनोच्या ट्रकचा हॉर्न कोपऱ्यावर वाजला की फेर्मिन ओरडायचा, "आले!" बासिलिया यंत्र थांबवायची, मला बंद करायची, पट्टी खोबणीत दाबायची, जांभळी रिबीन सरळ करायची आणि दारात हसत उभी राहायची. रुफिनो आत येऊन माझ्या उघड्या पोटात वाकून बघायचा.

"कशी आहे माझी मेमरी?"

"झोपलीय, कोम्पाद्रे," फेर्मिन म्हणायचा.

"दमली असेल. काम फार करते."

तो गेला की पट्टी बाहेर. असे करत करत निशाण पुढे सरकले. कार्मेनमाता झाली, तिच्या पायाशी चंद्र झाला. एका बाजूचा ड्रॅगन झाला, दुसऱ्याचाही झाला, अगदी शेपटीसकट. फेर्मिनने बोटांनी दोन्ही ड्रॅगन चाचपले आणि त्याचे डोळे भरून आले. "माझ्यासारखेच झालेत," तो म्हणाला. उरले फक्त खालचे नाव.

जत्रा तोंडावर आली होती. सकाळी सुई नाव भरत होती. रुफिनोचे नाव निम्मे झाले, आणि कोपऱ्यावर हॉर्न वाजला.

"आले!"

मी बंद, पट्टी आत, रिबीन सरळ. रुफिनो आला, आणि त्याच्यामागून बिअरची पेटी घेऊन तोरिबियाही आली. निशाण कुठवर आले ते पाहायला तिला अर्थातच राहवले नव्हते. विल्डर कोपऱ्यात जांभळ्या मक्याचे गरम आपी पीत बसला होता. तो कपासकट उभा राहिला.

"थांबवलंत का?" रुफिनो म्हणाला. "चालू करा. माझं नाव उमटताना बघायचंय मला."

"कोम्पाद्रे, आधी थोडं आपी घ्या," बासिलिया म्हणाली.

"आपी नंतर."

"मग जेवूनच या ना सगळे..."

"कोमाद्रे, चालू करा!"

बासिलियाने मला चालू केले.  कार्मेनमाता, दोन ड्रॅगन आणि ते अर्धे नाव असा सगळा पसारा एकदम माझ्या ओट्यांवर आला. सुईने एक टाका घातला, दुसरा घातला. मग रुफिनोच्या पट्टीने मला भलताच आकडा दिला आणि सुई सुटली. नावाच्या खालून मखमलीवर सरळ धावत गेली, एक जाडजूड रेघ ओढली आणि थांबली. स्क्रीन निळी पडली. आणि मी आयुष्यातली सर्वांत लांब बीप दिली.

"गॅस," फेर्मिन सवयीने पुटपुटला.

 मखमलीवरचा टाका उसवला तर वण राहतो, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होते. मग तोरिबिया हसली. आधी नाकातून, मग पोटातून.

"रुफी! अरे, रुफी म्हणून नाचणार तू जत्रेत! खाली रेघ मारून!"

रुफिनोचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. "हा बोर्ड!" तो गरजला. "पहिल्या दिवसापासून सांगतोय. उपटून फेका तो! आत्ता! नवा बोर्ड मी देतो!"

विल्डरने बासिलियाकडे पाहिले. हो म्हटले की सुटका होती. कोम्पाद्रे खूश, मान शाबूत, आणि मी पुन्हा गोधडीवर, बिजागऱ्यांशेजारी. बासिलिया माझ्याजवळ आली. माझ्या कडेवर तिने बोट ठेवले. त्या बोटाची ऊब मला अजून आठवते.

"नाही, कोम्पाद्रे," ती म्हणाली. "बोर्डाचा दोष नाही. विल्डर, दाखव."

"मी?"

"तूच. केक चांगला होता, सांगून झालंय ना? आता हे दाखव."

विल्डरने घाम पुसत दाखवले. आधी नुसती तोरिबियाची पट्टी. ड्रॅगन स्क्रीनवर सरसर उलगडला. मग नुसती रुफिनोची. मी चाचरलो, कोसळलो, बीप दिली. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. आता आंधळ्यालाही कळले असते, फेर्मिनला तर आधीच ठाऊक होते. तो खाली मान घालून उभा होता. तोरिबियाने बोलायला तोंड उघडले.

"कोमाद्रे, तुम्ही गप्प बसा," बासिलिया म्हणाली. "दुसऱ्या बोर्डात तुमची पट्टीही अशीच रडली असती. ही इथं जमली, हे तुमचं नशीब." मग ती रुफिनोकडे वळली. "कोम्पाद्रे, तुमची पट्टी चांगली आहे. बोर्डही चांगला आहे. पण दोघांचं जमत नाही. तुम्ही कधी एका ट्रकचा गिअरबॉक्स दुसऱ्या ट्रकला बसवलाय का?"

 मी वाट पाहत होतो. उपटणार की राहणार, ते आता त्याच्या तोंडून निघणार होते.

"बसवला होता," शेवटी तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "निळ्या ट्रकला. गिअरबॉक्स नवा कोरा होता. ओरुरोच्या रस्त्यावर चढावात अडकलो. सगळे ट्रक हॉर्न वाजवत पुढं गेले. मी निळ्याला लाथा घातल्या, शिव्या घातल्या, आणि आल्यावर विकून टाकला. चांगला होता माझा निळा."

"मग आता याला लाथ घालू नका," बासिलिया म्हणाली.

रुफिनो वाकला आणि माझ्या पोटात नीट पाहू लागला. या वेळी पहिल्यांदाच त्याने पट्टीकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

"याला रिबीन का नाही?"

"याला मानकरी नाही, कोम्पाद्रे. मीच आणलाय."

"आणि इतके दिवस सगळे यालाच बोल लावत होते?"

"सगळ्यांत जास्त तू," तोरिबिया म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

रुफिनोने जाड बोटांनी पट्टीची जांभळी रिबीन सोडली. गाठ घट्ट होती, त्याला दातही लावावा लागला. मग ती रिबीन त्याने माझ्या कोपऱ्यातल्या भोकातून ओवली आणि बांधली.

"आजपासून या बोर्डाचा मानकरी मी," तो म्हणाला. "याला कोणी नावं ठेवली तर माझ्याशी गाठ आहे."

मित्रांनो, मला रडता येत नाही. येत असते, तर मी तिथेच जळून गेलो असतो.

पण रेघेचे काय? आणि दिलेली पट्टी परत घ्यायची नाही, मग तिचे काय? सगळे पुन्हा चिंतेत पडले. तेव्हा फेर्मिनने हात पुढे केला. "ती पट्टी द्या इकडं." त्याने पट्टी बोटांनी चाचपली. तिच्या दोन्ही कडांना बारीक खाचा होत्या. मग निशाणावरची ती जाडजूड रेघ चाचपली आणि पट्टी तिच्यावर ठेवली. रेघ पुरती झाकली गेली.

"दोरा ओवून द्या कोणीतरी," तो म्हणाला. "नेढं तेवढं मला दिसत नाही. बाकी बोटांना सगळं येतं."

दोरा तोरिबियाने ओवून दिला. फेर्मिनने खाचांतून टाके घेत पट्टी मखमलीवर शिवली, भोवती टिकल्यांची किनार घातली. मग नुसत्या तोरिबियाच्या पट्टीवर मी उरलेले नाव भरून घेतले, एकदाही न अडता. रुफिनोचे पुरे नाव, आणि त्याखाली सोनेरी दातांची हिरवी पट्टी.

जत्रेच्या दिवशी माझे खोके त्यांनी दारात आणून ठेवले, मानकऱ्याचा बोर्ड म्हणून. वाजंत्र्यांमागून निशाण आले. उन्हात ते सोनेरी दात असे लखलखले की पलीकडच्या मंडळाचे लोक नाचायचे थांबून बघत राहिले. माझ्यापाशी जिने जन्मभर मार खाल्ला असता, ती पट्टी तिथे राणीसारखी मिरवत होती. पुढच्या वर्षी चार मंडळांनी बासिलियाकडे येऊन "तसली मेमरी आमच्याही निशाणाला" म्हणून हट्ट धरला. विल्डर बाजारातून बिघडलेल्या पट्ट्या गोळा करून आणायचा आणि फेर्मिन त्या बोटांनी शिवायचा.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. शेवटी मीही थकलो, नवा संगणक आला, आणि त्याच्यासाठी मेमरी आणायच्या आधी विल्डरने सगळ्या मानकऱ्यांना रांगेत उभे करून बोर्डाला काय चालते ते बजावून सांगितले.

म्हणून तुम्हालाही माझी विनवणी आहे. संगणकात नवा भाग घालण्याआधी तो तुमच्या बोर्डाला चालतो का, ते विचारा. संगणक अडला तर त्याच्यावर काही शिंपडू नका, त्याला शाल पांघरू नका. एकेक भाग काढून शांतपणे पाहा. आणि ज्याची बाजू घ्यायला कोणी नाही, त्याच्या डोक्यावर खापर फोडायच्या आधी थोडे थांबा. कदाचित तोच इतके दिवस बीप देत असेल.

रुफिनो आता काठी टेकत येतो. दर जत्रेला फळीपाशी उभा राहतो, माझी रिबीन सरळ करतो आणि विचारतो, "काय रे पोरा, बरा आहेस ना?" मग बाटली उघडतो. पहिला घोट पाचामामाला, दुसरा मला. बासिलिया आता मधे ताट धरत नाही. माझ्यातून वीज जात नाही, तेव्हा भिजून बिघडायचे काही उरलेले नाही. बिअर माझ्या अंगावरून, रिकाम्या खोबणींतून ओघळत खाली टपकते. मित्रांनो, मी मनसोक्त भिजतो.